राजपुरीच्या धक्क्यापर्यंत

ज्या माणसाला स्वतःच्या सेक्टरातलं पोस्ट ऑफिस कुठे आहे ते शिपायाला विचारावं लागायचं, त्या माणसाने कोकण किनाऱ्याच्या सहलीची आखणी केली होती. तो माणूस माझा साहेब. आणि ती आखणी सुबक कागदावर उतरवून देणारा ड्राफ्ट्समन मी. दोघांत जास्त हास्यास्पद कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण साहेब पदाने मोठे होते, म्हणून आधी त्यांच्याविषयी बोलतो.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल नवा होता. मी वाशीच्या एका ऑफिसात नोकरीला होतो. काल-परवापर्यंत जिथे मिठागरं आणि भातशेती होती, तिथे रस्ते, नाले आणि प्लॉट काढायचं काम आमच्याकडे असे. सकाळी टेबलावर कागद चिकटवायचा, टी-स्क्वेअर लावायचा आणि साहेब सांगतील तिथे शहर वसवायचं. साहेब दादरहून वाशीला राहायला आले होते. तीन खोल्यांचा फ्लॅट, गॅलरीत कुंड्या, दाराला पितळी पाटी. त्यांना एकच व्यसन होतं, प्लॅनिंगचं. भाजी आणायला जाण्याचंसुद्धा ते प्लॅनिंग करायचे आणि मग भाजी बायको आणायची.

सहलीचं खूळ त्यांच्या डोक्यात मेव्हण्यामुळे शिरलं. मेव्हणा पुण्याचा. त्याने अॅम्बॅसडर घेतली होती आणि ती कुठेतरी लांब पळवून आणल्याशिवाय त्याला चैन नव्हतं. शेजारच्या खात्यातला एकजण नुकताच गोव्याला जाऊन आला होता आणि ऑफिसात काजू वाटून गेला होता. तो काजू साहेबांच्या घशात अडकला असावा.

"हायवेने कोणीही जातं," साहेब मला केबिनमध्ये म्हणाले. "आपण समुद्राला धरून जायचं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला पाणी, थेट हरिहरेश्वरापर्यंत. तुम्ही त्याच बाजूचे ना?"

"हो साहेब. दिघीच्या पुढे दोन कोसांवर गाव आहे माझं."

"वा! मग तू येच आमच्याबरोबर."

ऑफिसच्या कामापुरता मी 'तुम्ही' होतो. काम घरगुती झाल्याबरोबर एका वाक्यात 'तू' झालो. मला त्याचा राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर मी खूष झालो. साहेब आपल्याला गाडीतून नेणार, या कल्पनेने मी त्या दिवशी दोनदा चहा प्यायलो.

साहेबांनी एक वही केली होती. तिच्यात रकाने होते: ठिकाण, काय पाहायचं, किती मिनिटं. कर्नाळा, वीस मिनिटं. पेणला गणपतीचे कारखाने, पंधरा मिनिटं. वडखळला नाश्ता. अलिबागचा कुलाबा किल्ला, चाळीस मिनिटं. मग चौल, रेवदंडा, पूल ओलांडून कोर्लई, काशीदचा किनारा, मुरूड, राजपुरीहून जंजिरा, पुढे दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. कुठली जागा थांबण्यालायक आणि कुठली नाही, हे त्यांनी रविवारच्या पुरवण्यांची कात्रणं आणि शाळेचा एक अॅटलास यांच्या भरवशावर ठरवलं होतं. यांतल्या एकाही ठिकाणी ते पूर्वी गेलेले नव्हते. पण "थांबण्यालायक" हा शब्द ते असा उच्चारायचे, की जणू त्या गावांनी यांच्याकडे थांबण्यासाठी अर्ज केले होते.

"साहेब, कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते," मी म्हणालो. "भरतीच्या वेळा बघून अलिबागची वेळ ठरवली तर..."

"ते तिथे गेल्यावर बघू."

समुद्रानेही साहेबांच्या वहीप्रमाणे वागावं, अशी त्यांची अपेक्षा असावी.

मग खरी गोष्ट निघाली. अॅटलासमध्ये मुरूडच्या पुढे राजपुरीपासून दिघीपर्यंत पाण्यातून एक तुटक रेषा होती. साहेबांनी त्या रेषेवरून लाल पेन्सिल फिरवली आणि पुढे निघाले.

"साहेब, ही खाडी आहे," मी म्हणालो. "मोठी. इथे पूल नाही. ही रेघ लाँचची आहे. माणसं जातात, गाडी जात नाही. गाडीला मागे फिरून रोह्यावरून, तळ्यावरून, म्हसळ्याला यावं लागतं. चार-पाच तासांचा वळसा."

साहेबांनी चष्मा वर केला. "तुटक रेघ म्हणजे रस्त्याचं काम चालू आहे. हे पुस्तक जुनं आहे. एव्हाना झालाही असेल पूल. रेवदंड्याला नाही का झाला?"

मी पोटासाठी रोज तुटक रेघा काढत होतो. आणि मी त्या खाडीच्या काठावर लहानाचा मोठा झालो होतो. पण साहेबांकडे पुस्तक होतं.

एवढ्यात त्यांना एक सुचलं. "दुपारचं जेवण तुझ्या घरी ठेवू या. एकदम ऑथेंटिक! तुझ्या आईच्या हातचं. मासे करतील ना?"

मी त्याच संध्याकाळी आईला कार्ड टाकलं. नाताळच्या सुटीतल्या शनिवारी साहेब, त्यांची बायको, मेव्हणा आणि त्याची बायको असे चौघे माझ्याबरोबर जेवायला येणार आहेत, असं लिहिलं. आईला वाचता येत नव्हतं. वाडीत माझा चुलतभाऊ कार्डं वाचून दाखवायचा, म्हणजे एका आईला लिहिलेलं सगळ्या वाडीला कळायचं. ते मला ठाऊक होतं आणि तेच मला हवं होतं.

सहलीच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी मला घरी बोलावलं. आखणी पक्की करायची होती. साहेबांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, चिवडा आणून ठेवला आणि त्या समोर बसल्या. त्या हसतमुख होत्या, आवाज गोड होता.

"गावाला घर मोठं आहे का हो तुमचं?"

"नाही बाई. दोन खोल्या आणि पडवी."

"आणि वस्ती कोणाकोणाची आहे तिथे?"

"आमचीच वाडी आहे," मी म्हणालो. "बौद्धवाडी."

"अच्छा, अच्छा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला चिवडा तिखट तर नाही ना झाला, असं विचारलं. तो गोड होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी वही उघडली तेव्हा जेवणाच्या ओळीवर लाल काट होती. तिच्याजागी लिहिलं होतं: दिघी, शहाळी, वीस मिनिटं.

"हिचं म्हणणं पडलं, की तुझ्या आईंना उगाच त्रास," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आणि वेळेचं गणितही बसत नाही. डबे नेऊ आपण."

"बरं साहेब," मी म्हणालो.

हे 'बरं साहेब' मी इतक्या सहज म्हणालो, की साहेबांना हायसं वाटलेलं मला दिसलं. त्यांना भांडण नको होतं. त्यांच्यासारख्यांना कधीच भांडण नको असतं. आपली लाल पेन्सिल चालावी आणि समोरच्याने तिला वेळेचं गणित म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा असते. मी ती पुरवली. त्यांच्याविषयी मला वाटलेली किळस मी घरी नेली आणि बायकोवर काढली. ती भाजी चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आईंना दुसरं कार्ड टाका. उगाच रांधून बसतील."

"टाकतो," म्हणालो, आणि टाकलं नाही.

का टाकलं नाही, याची बरीच कारणं मी पुढे स्वतःला देत आलो. सुटीत टपाल वेळेवर पोचत नाही, हे एक. पण खरं कारण वेगळं होतं. गाडी दिघीच्या बाजूला उतरली, की तिला आमच्या वाडीवरूनच जावं लागणार. तिथे आई दारात उभी असेल, पानं वाढलेली असतील आणि मग बाई कोणत्या तोंडाने नाही म्हणतात ते मला बघायचं होतं. गाडी खाडी ओलांडूच शकत नाही, हे मला पक्कं माहीत असतानाही मी हे चित्र रंगवत होतो. साहेबांच्या मूर्खपणाला निदान अज्ञानाचा आधार होता. माझ्या मूर्खपणाला तोही नव्हता.

सहलीचा नकाशा मी ट्रेसिंगवर शाईने काढला. लांबट पट्टी, एका बाजूला निळी किनार, थांब्यांना गोल, गोलात मिनिटं. राजपुरीला आलो तेव्हा पेन थांबवलं आणि केबिनमध्ये जाऊन पुन्हा एकदा सांगितलं, "साहेब, इथे गाडी अडेल."

साहेब वैतागले. "तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्टीत आधी अडचण बघता. म्हणून मागे राहता."

मी टेबलावर परत आलो आणि राजपुरीपासून दिघीपर्यंत पाण्यावरून अखंड, जाड, काळी रेघ ओढली. इतकी सरळ रेघ मी सेक्टरांच्या नकाशात क्वचितच काढली असेल. साहेबांनी त्या नकाशाच्या सहा प्रती काढवून घेतल्या.

शनिवारी पहाटे निघालो. मेव्हणा गाडी चालवत होता, साहेब खिडकीशी आणि मी त्या दोघांच्या मध्ये. मागे बाई, मेव्हण्याची बायको आणि डब्यांची पिशवी. पनवेल सुटेपर्यंत साहेबांनी घड्याळ तीनदा पाहिलं. कर्नाळ्याला वीस मिनिटं ठरली होती. बाईंना पक्षी दिसले नाहीत म्हणून आठ मिनिटांत निघालो. साहेबांनी उरलेली बारा मिनिटं वहीत शिल्लक दाखवली. पेणला कारखाने बंद होते. वडखळला नाश्ता झाला. मेव्हणा दोन प्लेट मिसळ खाऊन म्हणाला, "भावजी, एवढा एक स्पॉट तरी जमला." साहेबांना ते आवडलं नाही.

अलिबागला भरती होती. किल्ला पाण्यात उभा होता आणि साहेब वाळूत. एक घोडागाडीवाला म्हणाला, की तीन तासांनी या. साहेबांनी किल्ल्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू एखाद्या कारकुनाने फाइल वेळेवर आणली नव्हती. मग ते म्हणाले, "इथूनच खरा व्ह्यू आहे." सगळ्यांनी इथूनच खरा व्ह्यू घेतला.

चौलच्या वाड्यांतून गाडी चालली होती. दोन्ही अंगाला सुपारीची झाडं, मधून पाट, अंगणात वाळत घातलेली सुपारी. इतका देखणा रस्ता त्या माणसांच्या वाट्याला पुन्हा आला नसेल. वहीत चौलला देवळाखेरीज काही नव्हतं, म्हणून कोणी बाहेर पाहत नव्हतं. साहेब पुढच्या थांब्याची कात्रणं वाचून दाखवत होते. फक्त मेव्हण्याची बायको काचेला कपाळ लावून बसली होती. ती सकाळपासून चार वाक्यंही बोलली नव्हती.

रेवदंड्याच्या पुलावर मेव्हण्याने गाडीचा वेग कमी केला आणि मला विचारलं, "काय हो, पुढे असंच सरळ ना हरिहरेश्वरापर्यंत? पेट्रोलचा अंदाज घ्यायचाय."

सांगायची ही तिसरी वेळ होती. गाडी तिथून वळवून रोह्याला नेली असती, तर संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन गाठता आलं असतं. मेव्हणा माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ प्रश्न विचारला होता.

"नकाशात आहे की सर," मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली.

काशीदला सुरूच्या सावलीत डबे उघडले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं. बाईंनी मला केळीच्या पानाच्या तुकड्यावर वाढलं. बाकीचे स्टीलच्या ताटल्यांत जेवले. ताटल्या चारच आणल्या होत्या. मोजून आणल्या असतील किंवा खरोखर कमी पडल्या असतील, त्याचा शोध मी घेतला नाही. मी पुऱ्या खाल्ल्या. चार खाल्ल्या. तिकडे आई चुलीपुढे बसली असेल हे माहीत असताना खाल्ल्या.

दुपारी राजपुरीला पोचलो. तिथे डांबरी रस्ता गावातून उताराने खाली येतो आणि थेट धक्क्यावर जाऊन संपतो. धक्क्याला शिडाच्या होड्या लागलेल्या, जाळी वाळत पडलेली, समोर पाण्यात जंजिरा आणि त्याच्या डाव्या बाजूला लांबवर दिघीचा डोंगर. मेव्हण्याने गाडी अगदी टोकाला नेऊन ब्रेक मारला.

"भावजी," तो म्हणाला, "पुढे समुद्र आहे."

साहेब खाली उतरले. त्यांनी नकाशा उलगडला. एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. नंतर त्यांनी कागद जरा फिरवून पाहिला.

एक म्हातारा कोळी जाळं विणत बसला होता. साहेबांनी त्याला विचारलं, "दिघीला जायचा रस्ता कुठला?"

त्याने बोटाने पाणी दाखवलं. "ह्यो काय. लाँच हाय आता."

"गाडीसाठी?"

"गारी?" म्हाताऱ्याने गाडीकडे, साहेबांकडे आणि पुन्हा गाडीकडे पाहिलं. "गारी काय डोक्याव घेऊन जानार?"

शेजारच्या कोळणी मोठ्याने हसल्या. मेव्हणाही हसला. मी हसलो नाही. ज्या क्षणाची मी आठवडाभर वाट पाहत होतो तो क्षण आला होता, आणि त्याची चव त्या बटाट्याच्या भाजीसारखीच अळणी लागत होती.

साहेब माझ्याकडे वळले. "तू कोकणातला ना? सांगता येत नव्हतं तुला?"

"दोनदा सांगितलं साहेब."

"मग ही रेघ? ही रेघ कोणी काढली?"

"मी. तुम्ही सांगितलीत म्हणून."

"आणि मघाशी पुलावर मी विचारलं तेव्हा?" मेव्हण्याने मध्येच विचारलं. तो आता हसत नव्हता. त्या चौघांत मला लाज वाटावी असा एकच माणूस होता आणि तो हा निघाला.

बाई गाडीतूनच म्हणाल्या, "जाऊ दे ना. मुरूडला परत जाऊन राहू. यांना तरी काय बोलायचं, यांनाही तेवढीच समज." 'यांना' म्हणजे साहेबांना की मला, हे कळलं नाही. बहुधा दोघांना.

लाँचचा भोंगा झाला. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, "साहेब, मी पलीकडे जातो. आई जेवायची थांबली असेल."

"म्हणजे तू त्यांना कळवलं नव्हतंस, की बेत रद्द झाला म्हणून?"

"नाही."

साहेबांचा चेहरा तेवढ्यापुरता पडला. माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसला. मग त्यांनी नकाशाची घडी घातली आणि मेव्हण्याला म्हणाले, "चला, जंजिरा तरी करून घेऊ. पंचेचाळीस मिनिटं आहेत."

मेव्हण्याची बायको माझ्यामागून धक्क्यापर्यंत आली. "काय केलंय तुमच्या आईंनी जेवायला?"

"कोंबडी असेल. कोलंबी. तांदळाच्या भाकऱ्या. चौघांसाठी म्हणजे दहाजणांचं."

"मला आवडलं असतं यायला," ती म्हणाली.

लाँच समोर उभी होती. तिच्यात चढायला एक पाऊल टाकायचं होतं. ती तिथेच उभी राहिली आणि पदर सावरत मागे गेली. आवडलं असतं! अशा आवडीनिवडीला काही किंमत पडत नाही. त्या दिवशी मला साहेबांपेक्षा तिचाच जास्त तिरस्कार वाटला. तो अन्याय होता हे आता कळतं, पण वाटला हे खरं.

दिघीला उतरून मी चालत निघालो. वाडीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. आईने अंगण सारवलं होतं. पडवीत सतरंजी, तिच्यावर शेजारपाजारच्या घरांतून आणलेले पाट, ताटं, तांब्याभांडी. नवं लुगडं नेसून आई पायरीवर बसली होती. बांधावर वाडीतले सात-आठजण साहेब बघायला जमले होते.

"एकलाच?" आई उठली. "साहेब कुठं हायत?"

"गाडी बिघडली, आये. मुरूडला थांबले ते."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. मग बांधावरच्या माणसांना म्हणाली, "चला रे, जेवाया बसा. साहेबांची गाडी बिघडली, आपली पोटं नाय बिघडली."

सगळे बसले. कोंबडीचा रस्सा, कोलंबीचं कालवण, भाकऱ्या, मधल्या ताटात पापड. माझ्या पोटात त्या चार पुऱ्या बसलेल्या होत्या, पण मी जेवलो, जेवावंच लागलं. चुलतभावाने अॅम्बॅसडर कशी असते ते विचारलं. मी त्याला सीट, दिवे, हॉर्न सगळं सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, ती माझीच गाडी.

पोरंबाळं पांगली, भांडी घासून झाली, तेव्हा आई माझ्याजवळ येऊन बसली.

"गाडी बिघडली नाय," ती म्हणाली.

"नाही."

"आपल्याकडं जेवायचं नव्हतं त्यांना."

"आधी त्यांनीच म्हटलं होतं. मग नको म्हणाले."

"मग मला कळवलं का नाय?"

मी पुन्हा टपालाचं कारण सांगू लागलो. तिने हात वर करून मला थांबवलं. "ती मानसं कशी हायत ते मला ठाव हाय. मी काय नवीन बघत नाय. त्यांची मला शरम नाय. तू मला रांधाया लावून, अंगनात बसवून ठेवलंस. कोनाला दाखवायचं व्हतं तुला? मला का त्यांना?"

माझ्याकडे साहेबांसाठी, बाईंसाठी, मेव्हण्याच्या बायकोसाठी बोचरे शब्द तयार होते. आईने विचारलेल्या गोष्टीसाठी एकही नव्हता. ती उठली, माझ्यासाठी अंथरूण टाकलं आणि आत निघून गेली.

सोमवारी ऑफिसात पोचलो तर साहेब चार लोकांना सहल सांगत होते. किनारा, सुरूची झाडं, जंजिरा, मुरूडच्या गेस्टहाउसची सोलकढी. "हरिहरेश्वर मुद्दाम सोडलं," ते म्हणाले. "एका ट्रिपमध्ये सगळं कोंबायचं नसतं. प्लॅनिंग लवचीक पाहिजे." मग मला म्हणाले, "तुमच्या त्या नकाशाच्या अजून दहा प्रती काढा हो. लोक मागतायत. राजपुरीच्या पुढचं कापून टाका."

मी ब्लेड घेतलं, पट्टी लावली आणि राजपुरीच्या पुढचं कापून टाकलं. माझं गाव, खाडी, दिघी, सगळं टोपलीत गेलं. मला राजीनामा देता आला असता, दोन शब्द सुनावता आले असते. मी दहा प्रती काढल्या. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या सेक्टरातली माणसं तो कागद घेऊन किनारा बघायला जात होती आणि परत आल्यावर साहेबांना धन्यवाद देत होती. कुलाबा किल्ला मात्र फारसा कोणी पाहिला नाही, कारण भरती-ओहोटीचा रकाना त्या कागदावर कधीच आला नाही. तो घालायचं मला सुचलं होतं. मी घातला नाही. बघू देत लांबून.

पुढच्या वर्षी आमच्याकडे मुलगी झाली तेव्हा आई वाशीला येऊन राहिली. एका सकाळी ती नातीला आणि सुनेला घेऊन बाजारात गेली होती. तिथे बाई भेटल्या. बायकोने ओळख करून दिली.

"तुमच्या हातचं जेवायचं राहूनच गेलं हो," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

"या की घरी," आई म्हणाली. "आता खाडी आडवी नाय."

हे मला संध्याकाळी कळलं आणि मी बायकोवर ओरडलो, आईवर ओरडलो. बाई येणार नाहीत, हे मी पैजेवर सांगायला तयार होतो. आणि त्या आल्या. पुढच्याच रविवारी दुपारी, एकट्या. मी आतल्या खोलीत गेलो आणि तिथेच बसून राहिलो. पडद्याच्या फटीतून दिसत होतं.

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. मुलीला बघितलं, गोड आहे म्हणाल्या. आईने चहा दिला. बाईंनी कप तिपाईवर ठेवला आणि मग विषय काढला. गावाकडचे सोडे मिळतील का? ते सुकवलेल्या कोलंबीचे, अगदी घरचे. इथल्या बाजारात वाळू असते. साहेबांना फार आवडतात.

शिजवलेलं चालत नव्हतं. वाळवलेलं चालत होतं.

आईने फळीवरचा डबा काढला. वर्षाचे म्हणून आणलेले सोडे होते ते. तिने त्यातले निम्मे कागदाच्या पुडीत बांधले. बाईंनी पर्स उघडली तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोरगी बघाया आलात ना." बाईंनी दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. पुडी पिशवीत घातली आणि घाईत आहे म्हणून उठल्या.

दार लागल्याबरोबर मी बाहेर आलो. तिपाईवरचा चहा तसाच होता, वर साय धरली होती. मी कप उचलला आणि मोरीकडे निघालो.

"कुठं नेतोस?" आईने विचारलं.

"ओततो."

"आन इकडं," ती म्हणाली. कप माझ्या हातातून घेतला, बोटाने साय बाजूला केली आणि नातीला मांडीवर घेऊन तो गार चहा सावकाश पिऊ लागली. मी तिच्यासमोर उभा होतो. बाईंविषयी मला जे बोलायचं होतं ते ओठांवर आलेलं होतं.

"बस खाली," ती म्हणाली. "तुला पन टाकते."